आजोळ : कॅम्प नंबर तीन

माझ्या आजोळी दोन शहरांचं भांडण कायम चालू असे. नानी हैदराबादची, म्हणजे सिंधमधल्या हैदराबादची, नाना शिकारपूरचे. मे महिन्यात बराकीचं छप्पर तापलं की नानी म्हणायची, "आमच्या हैदराबादला असं उकडत नव्हतं." त्यावर नाना खाटेवरून उत्तर द्यायचे, "हैदराबादला वारा होता. पैसा शिकारपूरला होता." मग नानी दुपट्टा सावरून आपल्या शहराची बाजू मांडायला बसायची आणि आम्हा मुलांची दुपार कशी सरायची ते कळायचंही नाही.

वडील कल्याणचे मराठी, आई उल्हासनगरची सिंधी. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर. घर आणि आजोळ यांत अंतर एवढंच. शाळेच्या इतिहासात सिंध दोनदा येई, एकदा मोहेंजोदडोच्या धड्यात आणि एकदा मुहंमद बिन कासिमच्या स्वारीत. आठव्या शतकानंतर तिथं काय घडलं याबद्दल पुस्तकात चकार शब्द नसे. ते मला नाना-नानींनी सांगितलं. मोठेपणी ग्रंथांत ताडून पाहिलं, तेव्हा त्या दुपारच्या गप्पांतलं बहुतेक सगळं खरं निघालं.

नानीच्या वाऱ्याचंच घ्या. गुलाम शाह कल्होडानं १७६८ साली नेरूनकोट या जुन्या वस्तीच्या जागी पक्का किल्ला बांधून हैदराबाद वसवलं. पुढे तालपूर मीरांची ती राजधानी झाली आणि १८४३ साली मियानीच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरनं ती घेतली. या शहरातल्या घरांच्या छपरांवर 'मंघ' असत. चौकोनी, उंच, वर तिरपं झाकण असलेले मनोरे; सगळ्यांची तोंडं नैऋत्येला. उन्हाळ्यात वारा त्याच दिशेनं येतो. तो मंघात शिरे आणि भिंतीतल्या पोकळीतून खालच्या खोलीत उतरे. जुन्या छायाचित्रांत हैदराबादची गच्चीपातळी पाहिली तर घरांपेक्षा मंघच जास्त दिसतात. नानीच्या घरी मंघाच्या तळाला लाकडी फळी होती. दुपारी ती उघडायची, धुळीचं वावटळ दिसलं की पळत जाऊन बंद करायची, हे काम धाकट्या मुलीचं, म्हणजे तिचं. फळी बंद करायला उशीर झाला म्हणून खाल्लेला मार तिला साठ वर्षांनंतरही आठवत होता. बराकीच्या छपराकडे बघत ती विचारायची, "एवढ्या मोठ्या मुंबईत कुणाला वारा पकडता येत नाही?" तिचा प्रश्न रास्त होता आणि अजूनही आहे.

त्या घरात मंघ होता, पण घरमालक नव्हता. नानीचे वडील सिंधवर्की. हैदराबादच्या हिंदूंमध्ये मोठे वर्ग दोन. आमिल दरबारी कामकाजातले, आधी फारशी आणि मग इंग्रजी शिकून सरकारी नोकरीत गेलेले. भाईबंद व्यापारी. इंग्रज आल्यावर मीरांचा दरबार गेला आणि त्याबरोबर दरबारी गिऱ्हाईकही गेलं. मग १८६०च्या सुमारास काही भाईबंद सिंधी भरतकाम, लाखेची रंगीत लाकडी भांडी असा माल घेऊन मुंबईत साहेबलोकांना विकू लागले. साहेब जहाजानं जिथं जिथं जात, तिथं तिथं हे मागोमाग गेले : कैरो, माल्टा, जिब्राल्टर, पनामा, सिंगापूर, योकोहामा. पुढे सिंधी कलाकुसर बाजूला राहिली आणि जपानी रेशीम मुख्य माल झालं, तरी नाव सिंधवर्कीच राहिलं. पेढीचे नोकर दोन-तीन वर्षांच्या कराराने जात, काही महिने घरी येत आणि पुन्हा जात. नानीचे वडील असेच पगारी नोकर होते. पेढीचा मालक झालेला माणूस आमच्या घराण्यात कुणी नाही.

ते योकोहामाला होते. १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप त्यांनी पाहिला. दुकान गेलं, शहर जळालं, आणि जपानी शेजाऱ्यांनी दिलेल्या अन्नावर दिवस काढून ते बोटीनं कोबेला पोहोचले. ही गोष्ट नानीनं आम्हाला इतक्यांदा सांगितली की आम्ही ती पाठ म्हणायचो. योकोहामाच्या यामाशिता बागेत हिंदी व्यापाऱ्यांनी त्या मदतीची आठवण म्हणून १९३९ साली बांधून दिलेला घुमटाकार पाणपोईचा मनोरा आजही उभा आहे. छापील पुस्तकात मी त्याचं चित्र पाहिलं तेव्हा नानी हयात नव्हती. तिला ते दाखवायला हवं होतं.

पुरुष असे जगभर आणि बायका हैदराबादेत. नानीच्या लहानपणाच्या गोष्टींत म्हणूनच बायकाच बायका आहेत. घराचा हिशेब आजी ठेवी, सोयरिकी आजी ठरवी, घरातल्या पिंघ्यावर, म्हणजे मोठ्या झोपाळ्यावर, बसून भाडेकऱ्यांशी बोलणंही तीच करी. टपालवाला गल्लीत शिरला की दाराआड प्रत्येक घरातली एक तरी बाई उभी. या विरहाबद्दल नानी फारसं बोलत नसे. पण माझ्या मामाला दुबईहून नोकरी चालून आली तेव्हा तिनं एका वाक्यात नकार दिला, आणि घरात कुणीही तिची समजूत घालायला गेलं नाही.

नानांचं शिकारपूर वेगळं. तिथलं वारं गरम, रस्ते अरुंद, आणि अभिमानाची जागा म्हणजे ढक बाजार, वरून झाकलेला, जेणेकरून जूनच्या उन्हातही सौदे थांबू नयेत. अब्दाली म्हटलं की आपल्याला पानिपत आठवतं आणि दात-ओठ आवळले जातात. नाना मात्र अब्दालीचं नाव आपल्या पेढीच्या जुन्या कुळाचं घ्यावं तसं घेत. दुराणी राज्याच्या कारभाराला पैसा पुरवणारे सावकार शिकारपूरचे होते, हे ते सांगत आणि इतिहासकारही तेच सांगतात. बोलन खिंडीच्या अलीकडचं हे गाव कंदाहार, काबूल, बुखारा, समरकंद या वाटेचं नाणेघर झालं. शिकारपुरी हुंडी बुखाऱ्यात वटे. सोनं बरोबर न घेता, कागदाचा एक तुकडा घेऊन माणूस वाळवंट ओलांडून जाई आणि पलीकडच्या सराईत त्याला रोकड मिळे. त्या कागदामागे फौज नव्हती, कोर्ट नव्हतं. फक्त सही करणाऱ्याचं नाव होतं. १९१७च्या रशियन क्रांतीनंतर मध्य आशियातली त्यांची सगळी येणी बुडाली. नानांचे आजोबा तिथून परतले ते मोकळ्या हातांनी. "तेव्हापासून आम्ही लोणचं विकतो," असं नाना म्हणत, आणि त्यात कसलाही कमीपणा त्यांना वाटत नसे. शिकारपुरी लोणच्याचं नाव सिंधमध्ये आजही आहे.

त्या आजोबांची एक वही आईकडे आहे. लाल कापडी पुठ्ठा, सुतानं शिवलेली पाठ, पानं उभी उलगडणारी. शाई तपकिरी झाली आहे. घरात ती कुणालाही वाचता येत नाही, कारण ती हटवाणिका लिपीत आहे. व्यापाऱ्यांची ही लिपी, झरझर लिहायची; स्वरचिन्हं बहुधा गाळलेली, त्यामुळे लिहिणाऱ्यालाच नीट वाचता यावी अशी. घरातलं मोडीचं दप्तर बघून हताश झालेल्या मराठी वाचकांना माझी अडचण सांगायला नको.

या वहीमुळेच मला नारायण जगन्नाथ वैद्य भेटले. हे मराठी गृहस्थ सिंधच्या शिक्षणखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर होते. सिंधी अरबी वळणाच्या अक्षरांत लिहावी असं इंग्रज सरकारनं १८५३ साली ठरवलं आणि बावन्न अक्षरांची वर्णमाला पक्की केली. व्यापारी मात्र आपल्या हटवाणिकाला चिकटून राहिले. त्या लिपीला स्वरचिन्हं देऊन शाळेत शिकवण्याजोगी करण्याचं काम १८६८ साली वैद्यांकडे सोपवलं गेलं. कराचीत १८५५ साली निघालेली सिंधमधली पहिली सरकारी शाळा आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. फाळणीनंतर कराचीत किती रस्त्यांची नावं बदलली, पण हे नाव टिकलं.

आपण हे विसरलोच आहोत की १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीच्या दयाराम जेठमल कॉलेजातली मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत होती. अंमलदारांच्या बदल्या ठाण्याहून सक्करला होत होत्या. सेवासदन म्हटलं की आपल्याला रमाबाई रानडे आठवतात आणि ते योग्यच आहे. पण मुंबईत १९०८ साली सेवासदन स्थापन करणाऱ्यांत बेहरामजी मलबारींच्या बरोबरीनं हैदराबादचे दयाराम गिदुमल होते. न्यायाधीश, ग्रंथकार, आमिलांमधल्या हुंड्याविरुद्ध आयुष्यभर बोललेला माणूस. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांच्या नावाला एखादी ओळ मिळते. ती पुरेशी नाही.

आजोळच्या देवघराबद्दल लिहायला हवं, कारण माझ्या कल्याणच्या आजीला तेच सगळ्यात चमत्कारिक वाटे. एका फळीवर गुरू नानक, शेजारी झुलेलाल, खाली कृष्ण, आणि भिंतीवर एका पीराच्या दर्ग्याचं चित्र. कॅम्पातल्या टिकाण्यात ग्रंथसाहेबाचा पाठ होई आणि नानी तिथं न चुकता जाई, पण ती स्वतःला शीख म्हणवत नसे. सिंधू नदीतून पल्ला माशावर बसून येणारा झुलेलाल तिला 'उडेरोलाल'. सिंधमध्ये त्याच नावाच्या गावी एकाच आवारात मंदिर आणि दर्गा आहे. हिंदू त्याला उडेरोलाल म्हणतात, मुसलमान जिंदा पीर. भांडण नाही का होत, असं मी विचारलं तेव्हा नानीला प्रश्नच कळला नाही. पाणी सगळ्यांचं, तसा तोही सगळ्यांचा, एवढंच ती म्हणाली. आमच्या घरी गुढीपाडव्याची गुढी उतरली की बहुधा दुसऱ्या दिवशी चेटीचंड, झुलेलालचा उत्सव. कणकेचा दिवा, फळं, खडीसाखर असं ताट सजवून 'बहराणो' पाण्याकडे निघे आणि वाटेत म्हातारी माणसंसुद्धा छेज धरून नाचत.

आणि शाह लतीफ. भिटच्या या सूफी कवीनं, १७५२ साली तो वारला, सिंधी लोककथांतल्या बायका आपल्या काव्यात उभ्या केल्या. नानीची आवडती मारूई. थरच्या मलीरमधली गरीब मुलगी. उमरकोटचा राजा उमर तिला विहिरीवरून पळवून नेतो, महालात ठेवतो, रेशमी कपडे पुढे टाकतो. ती आपली फाटकी लोई अंगावरून काढत नाही, केस धूत नाही, गावाकडून पाऊस कधी येईल तेवढं विचारत राहते. शेवटी राजाच हार मानतो आणि तिला घरी पाठवतो. ही गोष्ट सांगताना नानी शेवटाला थांबत नसे, घाईघाईनं उरकून टाकत असे. मारूई परत गेली, हा भाग तिला सांगायचा नसावा.

फाळणी झाली तेव्हा नानी सतरा वर्षांची होती. पंजाब आणि बंगाल मधोमध फाटले. सिंध अखंडच पाकिस्तानात गेला, त्यामुळे इकडे येणाऱ्यांना सिंधचा म्हणून एक तालुकाही मिळाला नाही. सुरुवातीला बहुतेकांना निघायचंच नव्हतं. पंजाबसारखी कत्तल तिथं झाली नव्हती, शेजारी विचारपूस करत होते. डिसेंबर १९४७ मध्ये हैदराबादेत दंगल झाली, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत झाली, आणि मग कियामाडीच्या धक्क्यावर बोटींसाठी माणसांचा पूर लोटला. निघण्याच्या आदल्या दिवशी नानीच्या वडिलांनी दूधवाला, धोबी, लाकूडवाला सगळ्यांची उधारी चुकती केली. "परत आल्यावर तोंड दाखवायचं होतं ना," नानी म्हणायची. धक्क्यावर झडती झाली. तिच्या आईच्या कानातलं राहू दिलं, भांडी ठेवून घेतली. नाना दुसऱ्या वाटेनं आले, रेल्वेनं खोखरापार-मुनाबाव ओलांडून मारवाडात, आणि तिथून महिन्याभरानं कल्याणला.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकी रिकाम्या होत्या. पाच कॅम्प, साधारण लाखभर माणसं. लांबच्या लांब खोल्यांत भिंती नव्हत्या. गोणपाट आणि साड्या टांगून एकेका कुटुंबानं आपली हद्द आखली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. पत्ता सांगताना आजही तिथं कॅम्प नंबर आधी येतो.

नाना-नानींचं लग्न १९५० सालचं, त्या बराकीतलंच. सिंधमध्ये हैदराबादच्या भाईबंदांनी शिकारपुरात मुलगी कधी दिली नसती. कॅम्पात गोणपाटाच्या एका बाजूला हैदराबाद आणि दुसऱ्या बाजूला शिकारपूर आलं, नळावरच्या रांगेत ओळख झाली, आणि शतकानुशतकांची रीत दोन वर्षांत मोडली. फाळणीच्या इतिहासात या गोष्टीची नोंद व्हायला हवी असं मला फार वाटतं.

कॅम्पाची दुसरी बाजू मला आप्पांनी, वडिलांच्या वडिलांनी, सांगितली. त्यांचं कल्याणात किराणा मालाचं छोटं दुकान. "सिंध्यांनी आमचं गिऱ्हाईक तोडलं," हे ते स्पष्ट म्हणत. लोकलमध्ये गोळ्या, पेन्सिली, पापड विकणारी दहा-बारा वर्षांची पोरं; पैशाला पैसा नफा न धरता दमडीवर माल काढणारे दुकानदार. पण पुढे ते हेही सांगत : "आम्ही दुपारी झोपायला दुकान बंद करत होतो. ते पहाटे पाचला उघडून रात्री दहापर्यंत उभे असत. आणि भीक मागताना मी त्यांच्यातला एकही पाहिला नाही." त्याच आप्पांनी माझ्या आईला सून म्हणून घरात घ्यायला वर्षभर लावलं. कारण त्यांच्याही कानावर ती सिंध्याला सापापेक्षा घातक ठरवणारी म्हण लहानपणापासून पडलेली होती. ती म्हण मी माझ्या वर्गात, माझ्या तोंडावर ऐकली आहे. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए', म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', लिहितात हा विनोदही ऐकला आहे. हे विनोद करणाऱ्यांना माहीत नसतं की ज्यांच्यावर ते केले जातात त्यांच्या पणजोबांची नुसती सही बुखाऱ्यापर्यंत चालत होती.

नानी पापड लाटायची, विकण्यासाठी, मामा कमावता होईपर्यंत. पण तिचं खरं लक्ष 'भें'वर, म्हणजे कमळाच्या देठांवर. बाजारातून देठ आणले की आधी टोकं पाही. दोन्हीकडून गाठ बंद असेल तरच घेई, नाहीतर आतल्या भोकांत चिखल जातो. मग साल खरवडून तिरके काप करायचे, प्रत्येक काप उजेडापुढे धरायचा, भोकांतून पलीकडचं दिसलं तरच भांड्यात टाकायचा, नाहीतर काडीला कापूस गुंडाळून एकेक भोक साफ करायचं. अर्धा किलो भेंला तास जाई. मी कंटाळले की ती म्हणे, "पुट, चिखल आपला असता तर मी खाल्लाही असता."

उभं राहण्याच्या वाटा अनेक होत्या. भाई प्रताप यांनी कच्छच्या महाराजांकडून पंधरा हजार एकर जमीन मिळवून गांधीधाम वसवायला घेतलं. नानांचे भाऊ तिकडे गेले. मुंबईत आलेल्या शिक्षकांनी आधी कॉलेजं काढली, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली जय हिंद कॉलेज सुरू केलं. हैदराबादचं नॅशनल कॉलेज प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणींनी १९४९ साली वांद्र्यात पुन्हा उघडलं. स्वतः निर्वासित असलेल्या या माणसांनी उघडलेल्या वर्गांतून मराठी, गुजराती, कोकणी मुलांच्या पिढ्या शिकून निघाल्या. आई उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजात शिकली. घराण्यातली पहिली पदवीधर बाई.

भाषेचं मात्र वाईट झालं. सिंधीला १० एप्रिल १९६७ रोजी आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. नोटेवर मात्र ती दिसत नाही, आणि तिच्या नावाचं राज्य नाही. इकडे आल्यावर अरबी लिपी की देवनागरी यावर वाद पेटले, दोन्ही चालू राहिल्या आणि पुस्तकं दोन कपाटांत विभागली गेली. आई अरबी लिपीत वाचते. मी देवनागरीत अडखळत वाचते. माझ्या मुलाला 'छा हालचाल' याच्या पुढे काही येत नाही. सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून ओस पडत गेल्या, कारण आईबापांनाच मुलांसाठी इंग्रजी हवी होती. त्यांना दोष देणं सोपं आहे. प्रांत नसलेल्या भाषेत नोकरी मिळत नाही, हे ते बराकीत राहूनच शिकले होते.

नाना-नानी दोघेही आता नाहीत. त्यांनी सांगितलेल्यातलं मी थोडं लिहून ठेवलं, आणि तेही उशिरा. हैदराबादच्या घराची गल्ली नेमकी कोणती, हे आज आईलाही सांगता येत नाही.

म्हणून मराठी वाचकांना एक विनंती. पिंपरीत, चेंबूरला, उल्हासनगरात, तुमच्या सोसायटीत कुणी सिंधी आजी-आजोबा असतील तर त्यांना गाव विचारा. 'सिंध' एवढ्या उत्तरावर थांबू नका. शहर विचारा, मोहल्ला विचारा, घरात कोण कोण होतं, कुठल्या बोटीनं आले ते विचारा, आणि त्यांच्या परवानगीनं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. या महिन्यातच करा. १९४७ साली जी मुलं दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीला टेकली आहेत.